आधी शिक्षा, मग चौकशी

महाराष्ट्रातल्या एखाद्या खासगी अनुदानित शाळेतल्या कायम शिपायाला कामावरून काढायचे असेल, तर संस्थाचालकांना मनात आले म्हणून तसे करता येत नाही. १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आडवी येते. आरोप लेखी द्यावे लागतात. मग तीन जणांची चौकशी समिती बसते. तिच्यात एक सदस्य संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांमधला आणि एक खुद्द त्या शिपायाने निवडलेला असतो. साक्षी होतात, उलटतपासणी होते. निलंबनाच्या काळात निर्वाहभत्ता द्यावा लागतो. एवढे करून काढलेच, तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. हे संरक्षण योग्यच आहे. ते कमी व्हावे असे कुणीही म्हणू नये.

आता त्याच संस्थेच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाकडे वळू. त्याच्यावर काहीतरी आरोप आहे: गॅदरिंगमधली मारामारी, मोर्चातली घोषणा, इन्स्टाग्रामवरची पोस्ट. त्याला वर्गातून उठवून प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेतात. आत चार-पाच प्राध्यापक बसलेले असतात आणि ज्यांची तक्रार आहे तेही बहुधा त्यांच्यातच असतात. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ हे पहिले वाक्य, ‘माफीनामा लिहून दे’ हे दुसरे. दोन-तीन दिवसांनी सूचनाफलकावर कागद लागतो की शिस्तभंगाबद्दल सदर विद्यार्थ्यास निलंबित करण्यात येत आहे. कोणता नियम मोडला, कुणी काय सांगितले, पुरावा कोणता, दाद कुठे मागायची, यातले काहीही त्या कागदावर नसते. टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे सत्र पूर्ण झाल्याची मंजुरी मिळत नाही, हॉल तिकीट अडते, वसतिगृहाची खोली रिकामी करावी लागते. पुढे दुसरीकडे प्रवेश घ्यायला गेले की वर्तणुकीच्या दाखल्यापाशी गाडी थांबते.

सगळीकडे असेच घडते असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्याला समोर बसवून, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून मगच निर्णय घेणारे प्राचार्य मी पाहिले आहेत. पण न्याय मिळणे न मिळणे त्या खुर्चीतल्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून असावे, हेच मला मान्य नाही. सार्वजनिक विद्यापीठ ही कायद्याने निर्माण झालेली, करदात्यांच्या पैशावर चालणारी संस्था आहे. तिने दिलेली शिक्षा ही शासनसंस्थेने नागरिकाला दिलेली शिक्षा असते आणि संविधानाचा समानतेचा अनुच्छेद १४ तिथे लागू होतो. म्हणून ती देण्याची पद्धत लेखी हवी, सर्व विद्यापीठांत सारखी हवी आणि ती पाळली नाही तर शिक्षा आपोआप रद्द व्हायला हवी. विद्यार्थ्याला आज जे काही संरक्षण आहे ते बहुतांशी न्यायालयांच्या निकालपत्रांत आहे. ते मिळवायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ती चढणे किती मुलांना परवडते?

हे संरक्षण नवे मुळीच नाही. १९५४ साली उत्तर प्रदेशातल्या इंटरमिजिएट परीक्षेला तीन मुले बसली, उत्तीर्ण झाली आणि पुढच्या वर्गाची तयारी करू लागली. काही महिन्यांनी त्यांना कळले की परीक्षा मंडळाने गैरप्रकाराच्या कारणावरून त्यांचा निकाल रद्द केला आहे आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बंदी घातली आहे. मधल्या काळात त्यांना कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता. मंडळाचे म्हणणे असे की कायद्यात सुनावणी द्या असे कुठेच लिहिलेले नाही, आम्ही केले ते निव्वळ प्रशासकीय काम. घनश्यामदास गुप्ता प्रकरण या नावाने ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये न्यायालयाने मंडळाचे म्हणणे फेटाळले. एका निर्णयाने मुलाचे अख्खे आयुष्य बरबाद होऊ शकते, त्याच्यावर कायमचा डाग बसतो. इतका गंभीर परिणाम घडवणारा अधिकार वापरताना न्यायबुद्धीनेच वागावे लागते, मग कायद्यात ते शब्द असोत वा नसोत, असा त्या निकालाचा आशय आहे.

त्याच्या सहाच महिने आधी, ऑगस्ट १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने जवळपास तेच सांगितले होते. मॉन्टगोमेरी शहरातल्या अलाबामा स्टेट कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये न्यायालयाच्या इमारतीतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन जेवण मागितले. कॉलेजने काही जणांना नोटीस न देता, सुनावणी न घेता काढून टाकले. इथे शिकणे ही आम्ही दिलेली सवलत आहे, ती आम्ही काढून घेऊ शकतो, असा बचाव झाला. डिक्सन खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात न्यायालयाने तो बचाव नाकारला. सरकारी कॉलेजातून काढण्याआधी विद्यार्थ्याला आरोप कळले पाहिजेत, साक्षीदारांची नावे आणि त्यांनी काय सांगितले ते कळले पाहिजे, आणि आपली बाजू मांडता आली पाहिजे. पुढे १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या शाळकरी मुलांच्या दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनालाही हेच तत्त्व छोट्या प्रमाणात लावले. आरोप सांगा, मुलाचे ऐका, मग ठरवा. शिक्षा लहान असेल तर सुनावणीही लहान चालेल, पण सुनावणी हवीच.

दोन्ही देशांतल्या न्यायाधीशांना एकाच सुमारास हे दिसले, याचे मला फारसे नवल वाटत नाही. दोन्हीकडे उच्च शिक्षणाची दारे पहिल्यांदाच अशा घरांतल्या मुलांसाठी उघडत होती, ज्यांच्या मागे ओळखी नव्हत्या. ज्याच्या वडिलांचा कुलगुरूंशी परिचय आहे त्याला लेखी प्रक्रियेची फारशी गरज नसते, त्याचे एका फोनवर भागते. प्रक्रिया लागते ती गडचिरोलीहून, नंदुरबारहून, चंदगडहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला.

भारतात १९६२ नंतर मात्र गाडी काहीशी मागे सरकली. परीक्षेतले गैरप्रकार वाढत गेले, सामूहिक कॉपीची प्रकरणे न्यायालयांपुढे येऊ लागली आणि शिक्षणसंस्थांच्या निर्णयात सहसा हात घालू नये अशी भूमिका घट्ट झाली. आपल्या राज्य मंडळाच्या १९९० मधल्या दहावीच्या गुणफेरफार प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने शेवटी मंडळाची कारवाई कायम ठेवली. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. गुणपत्रकांत खाडाखोड करून वाढवलेले गुण कुणालाही पचू देता कामा नयेत, आणि तिथे विद्यार्थ्यांना कागद दाखवून, पालकांसमक्ष प्रश्न विचारून त्यांची उत्तरे घेतली होती. खटकते ते दुसरीकडे. केरळ विद्यापीठाच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस म्हटले की कारणे दाखवा नोटिशीबरोबर चौकशी अहवालाची प्रत देणे नैसर्गिक न्यायासाठी, म्हणजे शिक्षेआधी ऐकून घेण्याच्या तत्त्वासाठी, आवश्यक नाही. नोकरदारांच्या बाबतीत हाच प्रश्न १९९३ मध्ये करुणाकर प्रकरणात आला, तेव्हा न्यायालयाने अगदी उलट सांगितले. शिक्षा ठरवण्याआधी कर्मचाऱ्याला अहवालाची प्रत मिळालीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. ज्याची नोकरी जाणार त्याला अहवाल वाचायला मिळतो. ज्याचे शिक्षण जाणार त्याला तो मिळेलच याची खात्री नाही. या फरकाला तत्त्वाचा कोणता आधार आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेले नाही.

विद्यार्थ्यांना हक्क द्या म्हटले की स्टाफरूममधून पहिला आक्षेप येतो तो असा: मग काय, कॉलेजचे कोर्ट करायचे? वकील येणार, तारखा पडणार, आणि ज्या मुलीला त्रास झाला तिने त्या मुलासमोर उभे राहून उलटतपासणीला उत्तरे द्यायची? हा आक्षेप खरा आहे, प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर रांचीच्या एका प्रकरणात आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

जून १९७२ मध्ये रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री काही मुलगे भिंतीवरून शिरले आणि त्यांनी अत्यंत घाणेरडा प्रकार केला. ३६ मुलींनी सह्या करून प्राचार्यांकडे तक्रार दिली. प्राचार्यांनी तीन शिक्षकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब घेतले, पण आरोपी मुलांना त्या वेळी बाहेर ठेवले. ओळख पटवण्यासाठी मुलांची छायाचित्रे इतर छायाचित्रांत मिसळून मुलींपुढे ठेवली. नंतर आरोपींना एकेक करून बोलावले, तक्रारीत काय आहे ते त्यांना दाखवले, त्यांचे म्हणणे लेखी घेतले. मग दोन वर्षांसाठी त्यांना काढले. मुलांनी न्यायालयात तक्रार केली की आमच्यासमोर जबाब झाले नाहीत, आम्हाला उलटतपासणी करू दिली नाही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. नैसर्गिक न्यायाचे नियम परिस्थितीप्रमाणे आकार घेतात. या मुलींना त्या मुलांसमोर उभे केले असते तर त्या बोलल्याच नसत्या, आणि बोलल्या असत्या तर त्यांना पुढे धोका होता.

त्या प्राचार्यांनी आणि त्या तीन शिक्षकांनी जे केले ते मला आजही आदर्श वाटते. त्यांच्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा विशाखा निकाल नव्हता, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१५ चे लैंगिक छळाविषयीचे विनियम नव्हते, अंतर्गत तक्रार समिती नव्हती. तरीही त्यांनी तक्रारदार मुलींना जपले आणि आरोपी मुलांना अंधारात ठेवले नाही. समिती वेगळी, छायाचित्रे मिसळलेली, आरोप दाखवलेले, उत्तर घेतलेले. यात वकील कुठेही नाही, तारखा नाहीत, आणि काम काही दिवसांत उरकले. म्हणूनच त्यांचा निर्णय देशातल्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला. तक्रार करणाऱ्याच्या बाजूनेही हाच मुद्दा आहे. घाईने, न ऐकता दिलेली शिक्षा पहिल्याच सुनावणीत उडते, आणि ज्याने खरोखर रॅगिंग केले किंवा छळ केला तो मान ताठ करून पुन्हा त्याच आवारात फिरू लागतो.

आता महाराष्ट्रातली अलीकडची उदाहरणे पाहू. ऑक्टोबर २०१९. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ. देशातल्या झुंडबळींविषयी पंतप्रधानांना पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम काही विद्यार्थ्यांनी केला, धरणे धरले. विद्यापीठाने सहा जणांना काढून टाकले. कारणांमध्ये विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचा भंग हेही होते. आचारसंहिता मोडली की नाही हे ठरवणे विद्यापीठाचे काम नव्हे, ते निवडणूक यंत्रणेचे आहे, हे कुणाच्या लक्षात आले नाही असे दिसते. देशभर टीका झाली आणि चारच दिवसांत विद्यापीठाने आदेश मागे घेतला. मागे घेताना दिलेल्या कारणांत तांत्रिक त्रुटी आणि नैसर्गिक न्याय यांचा उल्लेख होता. म्हणजे सहा मुलांना घरी पाठवण्याआधी जे आठवायला हवे होते, ते पाठवल्यावर आठवले. वृत्तपत्रांनी बातमी उचलली म्हणून ही मुले वाचली. ज्यांची बातमी होत नाही त्यांचे काय?

मे २०२५, पुणे. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत जम्मू-काश्मीरहून शिकायला आलेल्या अभियांत्रिकीच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर एक पोस्ट पुढे पाठवली. लोक अंगावर आल्यावर तिने ती काढली, माफीही मागितली. महाविद्यालयाने तिला रस्टिकेट केले, पोलिसांनी अटक केली. सेमिस्टर परीक्षा सुरू झाली तेव्हा ती कोठडीत होती आणि तिचे काही पेपर बुडाले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने तिला सोडण्याचा आदेश दिला, सरकारला आणि महाविद्यालयाला कडक शब्दांत सुनावले आणि तिचे म्हणणे न ऐकता काढलेला तो आदेश स्थगित केला, म्हणून तिला उरलेल्या पेपरांना बसता आले. त्या पोस्टशी मी सहमत आहे की नाही हा प्रश्नच इथे येत नाही. पोस्ट वाईट असेल, तर तसे तिला सांगून, तिचे उत्तर ऐकून ठरवायला दोन दिवस लागले असते. महाविद्यालयाने ते दोन दिवस दिले नाहीत. खासगी असले तरी हे महाविद्यालय सार्वजनिक विद्यापीठाला संलग्न आहे आणि पदवी त्या विद्यापीठाचीच मिळते. त्यामुळे विद्यापीठाने ठरवलेली प्रक्रिया अशा महाविद्यालयांनाही बांधील असायला हवी.

तिसरे उदाहरण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे. तिथल्या एका दलित पीएचडी विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि संस्थेच्या सर्व आवारांत त्याला प्रवेशबंदी केली. दिल्लीतल्या एका मोर्चातला त्याचा सहभाग हे त्यातले महत्त्वाचे कारण होते. इथे नोटीस दिली होती, समिती बसली होती. उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये संस्थेची बाजू मान्य केली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाचा काळ आजवर भोगला तेवढाच धरला आणि त्याला संशोधन पूर्ण करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे वर्षभराहून जास्त शिक्षा भोगून झाल्यावर शिक्षा कमी झाली. नोटीस आणि समिती पुरेशी नाही, हे यातून मला दिसते. गुन्हा आणि शिक्षा यांचे प्रमाणही लिहिलेले हवे, आणि अपील चालू असताना शिक्षा चालू राहता कामा नये. नोकरदाराचे वर्ष गेले तर निदान मागचा पगार मिळू शकतो. विद्यार्थ्याचे गेलेले वर्ष परत देण्याचा कोणताही उपाय न्यायालयापाशी नाही. वयोमर्यादा, शिष्यवृत्ती, राहिलेल्या विषयांसह पुढच्या वर्गात जाण्याचे (एटीकेटी) हिशेब, घरी धाकट्या भावंडांचे शिक्षण, सगळे त्या एका वर्षावर टांगलेले असते.

हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांच्या बाबतीत २०१५ मध्ये काय झाले ते इथे आठवणे भाग आहे. आधी निलंबन, मग ते मागे, मग नवी समिती, मग वसतिगृहातून आणि सार्वजनिक जागांतून बंदी. एकाच आरोपावर निर्णय इतक्यांदा फिरला, मधल्या काळात बाहेरून राजकीय पत्रव्यवहार झाला, आणि पाच दलित संशोधक जानेवारीच्या थंडीत आवारात उघड्यावर झोपत होते. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. त्याच्या मृत्यूची कारणे एका चौकशीच्या प्रक्रियेत मावणारी नाहीत आणि तसे मला सुचवायचेही नाही. पण शिक्षण तोडण्याचा अधिकार बिनलेखी आणि फिरता ठेवला की तो कुणाच्या दबावाखाली, कुणाविरुद्ध वापरला जातो, हे त्या प्रकरणाने सगळ्या देशाला दाखवले.

माफीनाम्याविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आपला पुराव्याचा कायदा ग्राह्य धरत नाही. पोलीस ठाण्यात दबावाखाली माणूस काहीही कबूल करतो हे दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटिशांनाही मान्य करावे लागले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मात्र मुलाकडून घेतलेला माफीनामा हाच बहुतेक वेळा एकमेव पुरावा असतो. बाप शेतातले काम टाकून, एसटीने पाच तास प्रवास करून आलेला असतो, हात जोडून उभा असतो. ‘लिहून दे, प्रकरण मिटवू’ असे मुलाला सांगितले जाते. मुलगा लिहितो. त्यानंतर तोच कागद समितीपुढे ठेवला जातो आणि ‘विद्यार्थ्याने दोष मान्य केला आहे’ असे निष्कर्षात येते. चौकशीची लेखी नोटीस मिळण्याआधी घेतलेला कोणताही माफीनामा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, एवढी एक ओळ नियमात घातली तरी निम्मी प्रकरणे सरळ होतील असे माझे मत आहे.

रॅगिंगचा विषय सर्वांत नाजूक. आपला राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर निलंबित करून पोलिसांकडे पाठवायचे. तक्रारीकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून ही मुदत आहे आणि ती हवीच. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने आत्महत्या केली, तेव्हा आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. तक्रार ऐकण्याची बंधनकारक, तारखांची प्रक्रिया किती महत्त्वाची आहे हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? प्रक्रिया म्हणजे आरोपीची ढाल असा जो समज आहे तो इथे चुकतो. लेखी प्रक्रियेत तक्रारदाराला पोच मिळते, मुदत मिळते, आणि मुदतीत काही झाले नाही तर जाब विचारता येतो.

मात्र २००९ च्या यूजीसीच्या रॅगिंगविरोधी विनियमांतली एक तरतूद मला कधीच पटलेली नाही. रॅगिंग करणारे ओळखता आले नाहीत, तर सामूहिक शिक्षा करावी, असे त्यात आहे. मजल्यावरच्या तीस मुलांपैकी कुणी काय केले ते कळत नाही म्हणून तिसांनाही दंड. त्यात तो मुलगाही येतो ज्याने रात्री घाबरलेल्या ज्युनियरला आपल्या खोलीत लपवले होते. सामूहिक शिक्षेने लोक पुढे येऊन नावे सांगतील असा हेतू असावा. प्रत्यक्षात ज्याने नाव सांगितले त्याला वसतिगृहात कोण जगू देणार? रांचीच्या समितीने नावे गुप्त ठेवून जबाब घेतले, तो मार्ग अधिक कष्टाचा आहे आणि अधिक परिणामकारकही.

वेळ कुठून आणायचा, हा प्राध्यापकांचा दुसरा आक्षेप. पेपर तपासणी, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फायलींची कामे, निवडणुकीची ड्युटी, त्यात हे. खरे आहे. पण मी सुचवतो आहे ते न्यायालयाइतके लांबलचक नाही. वर्गाबाहेर काढणे, ताकीद देणे, किरकोळ दंड, यांसाठी समोर बसवून पाच मिनिटे ऐकणे पुरे. ज्या शिक्षेने मुलाची परीक्षा, सत्र, वसतिगृह किंवा प्रवेश जातो, तिच्यासाठीच पूर्ण प्रक्रिया. अशी प्रकरणे एका महाविद्यालयात वर्षाला बोटांवर मोजण्याइतकी असतात.

त्या प्रक्रियेत काय असावे? आरोप नेमके, तारीख-वेळेसह आणि विद्यार्थ्याला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी मराठीत, लेखी द्यावेत. उत्तराला निदान सात दिवस द्यावेत. पुराव्याच्या प्रती द्याव्यात, तक्रारदाराची ओळख जपण्याची गरज असेल तिथे नावे झाकून. ज्याने तक्रार केली किंवा ज्याच्याशी भांडण झाले तो समितीत नसावा. समितीतला एक सदस्य दुसऱ्या महाविद्यालयातला असावा, शाळेतल्या शिपायाला जसा आपला माणूस निवडता येतो तसा. सुनावणीला विद्यार्थ्याने एक व्यक्ती सोबत आणावी: मित्र, शिक्षक, पालक, कुणीही. आपल्याकडे विद्यार्थी मंडळाच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. त्यामुळे मुलाच्या बाजूने बोलणारा निवडून आलेला प्रतिनिधीही वर्षानुवर्षे नाही, म्हणून ही सोबत आणखीच गरजेची. आदेशात कारणे लिहावीत आणि अपील कुठे करायचे ते त्याच कागदावर छापावे.

तातडीचे निलंबन पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही. कुणी हिंसा केली, कुणाच्या जिवाला धोका आहे, तर त्या मुलाला आवाराबाहेर ठेवावेच लागेल. पण त्याला पंधरा दिवसांची मर्यादा असावी. त्या आत चौकशी संपली नाही तर निलंबन आपोआप संपावे, आणि त्या काळातली हजेरी धरली जावी. आज ‘चौकशी होईपर्यंत निलंबित’ हे तीन शब्द हीच शिक्षा असते, कारण चौकशी कधी होते तर सत्र संपल्यावर.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखाली राज्य शासन सर्व विद्यापीठांना लागू होणारे एकरूप परिनियम, म्हणजे बंधनकारक नियम, काढू शकते. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी समितीची तरतूद त्या अधिनियमात आहेच. भरारी पथकाने पकडलेल्या मुलाला निदान एक समिती तरी समोर बोलावते. घोषणा दिलेल्या किंवा पोस्ट टाकलेल्या मुलालाही तेवढे मिळावे. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) पदवीधरांचे आणि शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. त्यांनी येत्या अधिवेशनात हा ठराव मांडावा. विद्यार्थी संघटना, डाव्या असोत वा उजव्या, आज एकमेकांच्या मुलांवर कारवाई झाली की टाळ्या वाजवतात. सत्ता आणि कुलगुरू बदलले की तोच कागद आपल्या मुलाच्या हातात पडणार आहे, याचा विचार करून त्यांनी निदान या एका मागणीवर एकत्र यावे. परिनियमात बाकी काही घालायला वेळ लागणार असेल, तर सुरुवात एका कलमाने करा: परीक्षा बुडवणाऱ्या कोणत्याही शिक्षेवरचे अपील परीक्षेआधी निकाली निघाले पाहिजे आणि तोवर विद्यार्थ्याचे हॉल तिकीट कुणालाही अडवता येणार नाही.